नमुना ८ वर नाव आहे, म्हणजे घर आपलं झालं का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात गावातलं एखादं जुनं घर विकायला निघालं, की विकणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दोनच कागद असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती. "नाव आमचंच आहे, टॅक्सही आम्हीच भरतो," एवढ्यावर सौदाचिठ्ठी होते आणि इसाराची रक्कम हातात पडते. पुढे कर्जासाठी फाइल बँकेत गेली, की बँकेचा वकील विचारतो, "हे घर यांच्याकडे आलं कसं?" या प्रश्नाला त्या दोन कागदांत उत्तर नसतं आणि व्यवहार तिथे थांबतो.

थांबला तर बरंच म्हणायचं. कर्ज न काढता, शेत विकून किंवा निवृत्तीच्या पैशातून घर घेणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. त्याला तो काही वर्षांनी दिवाणी न्यायालयाच्या समन्सवर वाचायला मिळतो.

नमुना ८ नेमकं काय सांगतो?

ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. १९६० च्या ग्रामपंचायत कर व फी नियमांनुसार ती ठेवली जाते. घर कुठलं, बांधकाम मातीचं की सिमेंटचं, क्षेत्र किती आणि कर कोणाकडून वसूल करायचा, एवढंच ती सांगते. तिच्यात मालक आणि भोगवटादार असे रकाने असतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रकान्यात नाव आलं म्हणजे मालकी मिळाली, असा समज पक्का होतो. ग्रामपंचायतीला कर हवा असतो, मालकीचा निवाडा करण्याचा अधिकार तिला नाही. सरकारी जागेवरच्या अतिक्रमित घराचीही आकारणी होते आणि त्याचाही नमुना ८ निघतो.

नगरपंचायतीच्या हद्दीतही हेच लागू आहे. तिथे नमुना ८ ऐवजी मालमत्ता कराचा उतारा असतो, पण त्याचं वजन तेवढंच.

महसुली नोंदींबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने वारंवार हेच सांगितलं आहे. ६ सप्टेंबर २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं, की फेरफार नोंदीमुळे कोणाला मालकी मिळत नाही आणि कोणाची जातही नाही. फेरफार सारा वसुलीपुरता असतो. सातबाऱ्यावरची नोंद खरी असल्याचं कायदा गृहीत धरतो, पण विरुद्ध पुरावा आला की ते गृहीतक टिकत नाही.

मग मालकी येते कुठून?

घर हातात येण्याचे रस्ते मोजकेच आहेत. नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा, न्यायालयाचा हुकूमनामा किंवा सरकारने दिलेली सनद वा पट्टा. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही. त्यामुळे शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून झालेली 'खरेदी' ही मालकी नव्हे. नुसती सौदाचिठ्ठी किंवा साठेखतही नव्हे, मग पूर्ण रक्कम दिलेली असली तरी. मुखत्यारपत्रावर घरं विकण्याची जी पद्धत पडली होती, तिच्याबद्दल सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही.

यापुढची गोष्ट अनेकांना धक्का देते. नोंदणीकृत खरेदीखत असलं, तरी तेही मालकीची हमी नाही. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, हक्काची नाही. दुय्यम निबंधक माणसाची ओळख, मुद्रांक शुल्क आणि दस्ताचं स्वरूप पाहतो. कायद्याने मनाई असलेले काही व्यवहार तो अडवू शकतो, पण विकणारा खरोखर मालक आहे का, याची चौकशी करणं त्याचं काम नाही. तामिळनाडूने तसा नियम करून पाहिला होता. तो ७ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. विकणाऱ्याच्या नावाची महसुली नोंद दाखवल्याशिवाय नोंदणी नाही, असा बिहारचा नियमही ७ नोव्हेंबर २०२५ ला गेला. नोंदणी वेगळी आणि मालकी वेगळी, ही फट या निकालाच्या वेळी न्यायालयाने ठळकपणे मांडली.

दुसरी पद्धत जगात आहे. रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये ती सुरू झाली. तिथे सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि चूक झाल्यास सरकार भरपाई देतं. आपल्याकडे ती जबाबदारी घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर जे विकणाऱ्याकडे नाही, ते तो देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त घरं अडतात ती बहिणीच्या हिश्श्यावर

एक उदाहरण घेऊ. वरवट बकाल किंवा सोनाळ्यासारख्या गावात एका माणसाने स्वतःच्या कमाईतून घर बांधलं. १९८८ मध्ये तो वारला. मागे दोन मुलं आणि तीन मुली, पत्नी आधीच गेलेली. मृत्युपत्र नाही. थोरला मुलगा गावात राहतो, घरपट्टी भरतो, म्हणून नमुना ८ वर त्याचं नाव लागलं. धाकटा पुण्याला. बहिणी लग्न होऊन शेगाव, तेल्हारा, अकोटला. २०२४ मध्ये थोरल्याने ते घर १५ लाखांना रीतसर नोंदणी करून विकलं.

घेणाऱ्याला मिळालं काय? पाचवा हिस्सा, म्हणजे ३ लाखांचा. उरलेल्या चार हिश्श्यांचे मालक सहीलाच आले नव्हते.

इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. मुलींना हक्क २००५ च्या कायद्याने मिळाला, वडील तर १९८८ ला गेले, मग बहिणींचा संबंध काय, असं विचारलं जातं. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. २००५ च्या दुरुस्तीने, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार झाली. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, पण ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही, हे ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयामार्फत झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात.

"बहिणींनी हक्क सोडलाय, लग्नात सगळं दिलंय," हे वाक्य या व्यवहारांत हमखास ऐकू येतं. लग्नातला खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा पाचशेच्या स्टॅम्पवरची संमती नंतर न्यायालयात टिकवणं अवघड जातं. बहीण वारली असेल तर तिचा हक्क संपत नाही, तिच्या मुलांकडे आणि नवऱ्याकडे जातो. १९८८ चं घर २०२४ ला विकायला काढलं तेव्हा सह्या पाच जणांच्या नाही, पंधरा-सतरा जणांच्या लागू शकतात. वारस नोंद लांबणीवर टाकण्याची किंमत ही अशी वाढत जाते.

वारसांत कोणी अज्ञान असेल तर गाठ आणखी घट्ट. त्याच्या स्वतंत्र वाट्याची विक्री न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाने केली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो ती रद्द करून मागू शकतो.

फक्त एका भावाचा हिस्सा विकत घेऊन काम भागेल, असंही काहींना वाटतं. कायदेशीरदृष्ट्या त्याला त्याचा हिस्सा विकता येतो. पण अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला त्यांच्यासोबत राहण्याचा हक्क मिळत नाही, त्याला वाटणीचा दावा करावा लागतो. शिवाय वारशाने मिळालेला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. म्हणजे पैसे देऊन हातात किल्ली नाही, दावा येतो.

हा हिशोब हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचा. मुस्लिम कुटुंबात वाट्यांचं गणित वेगळं आहे, मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, पण असतोच. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही.

घर कोणत्या जागेवर उभं आहे?

विकणाऱ्याची मालकी स्वच्छ असली, तरी जागा कशी आहे यावरही खूप काही ठरतं.

गावठाणातल्या मिळकतीची जिथे भूमापन नोंद झाली आहे, तिथे मालमत्ता पत्रक मिळतं. विदर्भात त्याला आखीव पत्रिका म्हणतात. मोठ्या गावांत ती पूर्वीपासून होती, लहान गावांत नव्हती. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन ही उणीव भरून निघते आहे. गावात मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिका काढावी आणि तिच्यावरचं क्षेत्र नमुना ८ शी ताडून पाहावं. फरक निघणं नेहमीचंच, कारण एक मोजणीने झालेलं असतं आणि दुसरं अंदाजाने. मात्र पत्रिकेवर एकाच भावाचं नाव आलं म्हणून बाकीच्या वारसांचा हक्क बुडत नाही.

विदर्भात 'ई-क्लास' म्हणून ओळखली जाणारी जमीन सरकारी असते, मुख्यतः गुरचरणाची. तिच्यावर वर्षानुवर्षं वस्ती असते, वीज असते, नमुना ८ असतो. १ जानेवारी २०११ पूर्वीची ग्रामीण भागातली रहिवासी अतिक्रमणं अटींवर नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१८ मध्ये घेतला. पण नियमित झाल्याचा आदेश हातात नसेल, तर तिथे विकायला आहे तो फक्त कब्जा. आदेश असला तरी त्यातली हस्तांतरणाची अट वाचावी लागते. पुनर्वसनात किंवा सरकारी वाटपात मिळालेले भूखंडही बरेचदा भोगवटादार वर्ग २ चे असतात. ते विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि नजराणा भरावा लागतो.

संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे, अंबाबरवा अभयारण्य आहे आणि पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. आदिवासी मालकाची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आधी परवानगी लागते. परवानगीविना झालेला व्यवहार कितीही वर्षांनी अंगावर येऊ शकतो. असा व्यवहार नातेवाइकाच्या किंवा गड्याच्या नावावर 'बसवून' घेण्याचे सल्ले देणारेही भेटतात. ते सल्ले ऐकू नयेत.

नव्या वस्तीतला धोका वेगळा आहे. रस्त्यालगतचं शेत घेऊन, चुना मारून प्लॉट पाडले जातात. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट म्हणजे १,५०० चौरस फूट, जेमतेम दीड गुंठ्याच्या आत, कारण एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो. शेतजमिनीचा असा तुकडा तुकडेबंदी कायद्यात अडकतो. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने अकोला आणि रायगड वगळता राज्याच्या ग्रामीण भागात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. मग यावर तोडगा म्हणून दहा-बारा जणांच्या नावाने एकच सामाईक सातबारा करून दिला जातो. त्यात कोणाचा प्लॉट कुठला, हे कागदावर कुठेच नसतं. तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याची सवलत सरकारने २०२५ मध्ये वाढवली, पण त्याने तुकडेबंदीचा अडथळा दूर होतो, विकणाऱ्याच्या मालकीतला दोष नाही. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावरचं बंधनही उभंच असतं. विदर्भासाठी त्याचा कायदा वेगळा आहे, १९५८ चा कूळ कायदा. प्लॉट घेताना अकृषक आदेश आणि मंजूर लेआउट मागावा. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर म्हणजे नाही असं समजावं.

मागचा माग कसा काढायचा?

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, काढणं हा रूढ मार्ग. त्यात दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक २ वरून त्या मिळकतीचे सगळे दस्त पाहिले जातात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांचा शोध घरबसल्या घेता येतो, जुन्यासाठी कार्यालय गाठावं लागतं.

इथे एक स्थानिक मेख आहे. संग्रामपूर हा तालुका नंतर झाला. आधी बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव असे पाच तालुके होते. त्यामुळे जुन्या दस्तावर तालुका वेगळाच दिसतो आणि त्याची नोंद जुन्या तालुक्याच्या कार्यालयात असू शकते. फक्त संग्रामपूरच्या नावाने शोध घेतला तर तो दस्त निसटतो. १९५६ पूर्वीच्या कागदावर 'मध्यप्रदेश' लिहिलेलं दिसलं तरी दचकू नये, वऱ्हाड तेव्हा त्या राज्यात होतं.

मूळ कागद मागितल्यावर विकणाऱ्याने झेरॉक्सच पुढे केली, तर मूळ कागद बँकेत तारण आहेत का, हे विचारावं. असं तारण नेहमीच्या शोधात निसटू शकतं. त्यासाठी सेरसाई या केंद्रीय नोंदणीत पाहता येतं, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून अशा तारणाची सूचना नोंदणी विभागात द्यावी लागते. कागद खरंच हरवलेले असू शकतात. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अनेक घरांत पाणी शिरलं होतं. पण नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळते, म्हणून 'पुरात वाहून गेलं' हे शेवटचं उत्तर असू शकत नाही.

सातबारा असेल तर 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. सेवा सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे असतो. न्यायालयात दावा चालू आहे का, हे ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या नावाने शोधता येतं. दावा चालू असताना घेतलेलं घर त्या दाव्याच्या निकालाला बांधलेलं राहतं, घेणाऱ्याला दावा माहीत असो वा नसो.

आणि घरात प्रत्यक्ष कोण राहतं, हे जाऊन पाहावं. तिथे भाडेकरू, विधवा भावजय किंवा आत्या राहत असेल, तर ती कोणत्या हक्काने राहते हे विचारणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. विचारलं नाही तरी तिचा हक्क त्याला माहीत होता, असंच कायदा धरतो. शेजाऱ्यासमोर चतुःसीमा वाचून दाखवली तर सामाईक भिंत, सांडपाणी आणि बोळ यांचे वाद त्याच दिवशी बाहेर येतात. 'लोकमत' किंवा 'देशोन्नती'सारख्या जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. नोटिशीला कोणी हरकत घेतली नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, पण घेणाऱ्याने काळजी घेतली होती याचा तो पुरावा ठरतो.

विकणाऱ्याने काय करावं?

गिऱ्हाईक मिळायच्या आधी कागद नीट करावेत. वारस नोंद, हक्कसोडपत्र, कर्ज फिटलं असेल तर बोजा कमी केल्याची नोंद, जुन्या दस्तात नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर चूक दुरुस्ती पत्र. इसार घेऊन मग बहिणींना गाठायला निघालं, की मुदत विकणाऱ्याच्याच अंगावर येते. माहीत असलेला दोष लपवण्याची सोयही कायद्यात नाही. मालकीतला ठळक दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि विकण्याचा अधिकार आपल्याला आहे अशी हमी, खरेदीखतात लिहिली नसली तरी, दिली असं मानलं जातं.

घर घेऊन झालं आणि दोष नंतर निघाला तर?

आधी बाकीच्या वारसांशी बोलून त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा संमतीचं खरेदीखत मिळतं का, हे पाहावं. पैसे मोजावे लागले तरी दाव्यापेक्षा ते अनेकदा स्वस्त पडतं. विकणाऱ्याने खोटं किंवा चुकीचं सांगून पूर्ण घर विकलं असेल आणि नंतर तो हक्क त्याच्याकडे आला, तर घेणारा तो मागू शकतो. ते जमलं नाही तर विकणाऱ्यावर भरपाईचा दावा, आणि हेतूने फसवलं असेल तर पोलिसात तक्रार. अशा दाव्यांची मुदत बहुधा तीन वर्षांची असते आणि ती कधी सुरू झाली यावरच वाद होतो, म्हणून पहिली नोटीस हातात पडली त्याच आठवड्यात वकील गाठावा. आपण पुरेशी चौकशी करून, प्रामाणिकपणे घेतलं, असा बचाव घ्यायचा तर शोध अहवाल, जाहीर नोटिशीचं कात्रण आणि इसार बँकेतून दिल्याचा तपशील सोबत लागतो. नमुना ८ आणि घरपट्टीच्या पावत्यांवर तो बचाव सहसा उभा राहत नाही.